घरच्या संगणकावर दिसते, इंटरनेटवर नाही

प्रश्न : एचटीएमएल शिकून मी पहिले संकेतस्थळ तयार केले व गिटहब पेजेस या संकेतस्थळे ठेवण्याच्या सेवेवर प्रकाशित केले. माझ्या विंडोज संगणकावर दिसणारी छायाचित्रे तेथे मात्र दिसत नाहीत. असे का होते?

उत्तर : दोष बहुधा फाइलींच्या नावांत असावा. विंडोज सहसा लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत भेद करीत नाही, गिटहब पेजेस मात्र तो काटेकोरपणे करते. त्यामुळे कॅमेऱ्याने नावाच्या शेवटी मोठ्या लिपीत ‘जेपीजी’ लिहिले असेल आणि आपण कोडमध्ये ते लहान लिपीत लिहिले असेल, तर सर्व्हरला ती फाइल सापडत नाही व ४०४ (‘फाइल सापडली नाही’) ही त्रुटी येते. छायाचित्राचा पत्ता ‘सी’ ड्राइव्हपासून सुरू होत असल्यास तोही बदलावा. तो ड्राइव्ह वाचकांकडे कुठून येणार? नावातील अक्षरे नुसती लहान-मोठी केल्यास विंडोजवरील गिटच्या (फाइलींतील बदलांची नोंद ठेवून त्या गिटहबवर पाठवणाऱ्या प्रणालीच्या) ते अनेकदा लक्षात येत नाही, म्हणून फाइलीला सरळ नवे नाव द्यावे.