वृंदगान : जुने आवाज, नवी जबाबदारी

प्रश्न : डोंबिवलीतील आमच्या वृंदगान गटाची धुरा ज्यांनी अगदी सुरुवातीपासून सांभाळली, त्या आमच्या बाई आता मुलाकडे बंगळुरूला कायमच्या राहायला गेल्या असून सर्वांच्या आग्रहामुळे ही जबाबदारी माझ्याकडे आली आहे. गटात तीसेक जण आहेत, त्यांत पुरुष जेमतेम सहा. निम्म्याहून अधिक सभासद साठीच्या पुढचे आहेत. काहींचा आवाज तार म्हणजे वरच्या सप्तकात कापतो, काहींना पूर्वीची काळी चारची पट्टी (पेटीवरची चौथी काळी पट्टी षड्ज धरून गाण्याची उंची) आता झेपत नाही. याच वर्षी काही तरुण मुले-मुली आली आहेत आणि त्यांना सर्वांनी एकच चाल गाण्याऐवजी दोन-तीन स्वरथरांच्या रचना हव्या आहेत. गणेशोत्सव, दिवाळी पहाट आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन असे तीन कार्यक्रम ठरले आहेत. चाचणी घेऊन निवडक गायकांनाच मंचावर बसवावे, असे कार्यकारिणीतील काहींचे मत आहे. ज्या काकूंनी मला हाताला धरून गटात आणले, त्यांनाच मी ‘तुम्ही या वेळी नको’ असे कोणत्या तोंडाने सांगू? शिवाय ‘बाई असत्या तर’ हे शब्द दर तालमीला कानावर पडतात. सुरुवात कुठून करावी?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चाचणी घेऊ नका, हे आधी स्पष्टपणे सांगतो. व्यावसायिक वाद्यवृंदाला निवड करावीच लागते. वसाहतीतल्या गटाचे बळ मात्र वर्षानुवर्षे पाऊसपाण्याची पर्वा न करता तालमीला येणाऱ्या माणसांत असते आणि ती माणसे एकदा दुखावली की राहिलेल्यांचा सूरही जागेवर राहत नाही. मात्र चाचणी टाळायची म्हणजे प्रत्येकाचा आवाज नीट ऐकायचाच नाही, असे नाही. दर तालमीच्या आधी दोघा-तिघांना थोडे लवकर बोलवा आणि पेटीवर षड्ज धरून एकेकाला मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या पंचमापासून तार गंधारापर्यंत सावकाश ‘आ’कारात जायला सांगा. आवाज कोठे सुखाने ठरतो, कोठे ताणला जातो आणि कोठे नुसती हवा उरते, एवढे वहीत टिपून ठेवा. ही नोंद कोणाला वगळण्यासाठी नाही, गाणी कोणत्या पट्टीत बसवायची आणि कोणती ओळ कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी आहे, असे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगा. त्या नोंदीतून कोणाचेही नाव कमी होत नाही, हे दिसले की चार-दोन आठवड्यांत धास्ती मावळते.

आवाज बदलतो तो शरीरामुळे. रजोनिवृत्तीनंतर बहुतेक स्त्रियांचा आवाज थोडा जड होतो आणि खाली उतरतो, तर उतारवयात अनेक पुरुषांचा आवाज उलट पातळ होऊन किंचित वर सरकतो. त्यामुळे ज्या काकू पंचवीस वर्षांपूर्वी काळी चारला मोकळ्या गात होत्या, त्यांना तीच पट्टी आज जाचत असेल तर तो त्यांच्या रियाजाचा दोष नव्हे. आणि खरे पाहता काळी चार ही पट्टी आपल्या पुरुष सभासदांनाही कधी सोयीची नव्हती : वरच्या सप्तकात त्यांना ओरडावे लागते आणि एक सप्तक खाली उतरले की षड्जच घशात अडकतो. बहुतेक गाणी त्याहून खालच्या काळी तीन किंवा पांढरी चारला आणून पाहा. पांढरी चारला मंद्र पंचमाकडे उतरणारी ओळ आली की तरुण मुलींचा आवाज विरून जातो, पण नेमकी तीच जागा पुरुषांना सर्वांत भरदार मिळते. तार षड्जाच्या वरची ओळ पुरुषांनी सोडून द्यावी आणि स्त्रियांनी उचलावी. सहा पुरुष म्हणजे कमतरता आहे असे वाटते, पण मंद्रातल्या ओळी त्यांच्याकडे सोपवल्या की हेच सहा आवाज साऱ्या गटाचा पाया होतात.

पट्टी बदलताना तबलजींना विसरू नका. ही गोष्ट बहुतेक गटांत कार्यक्रमाच्या सकाळी आठवते. तबला ठरावीक पल्ल्याबाहेर चढवता-उतरवता येत नाही. जबरदस्तीने चढवला तर पुडी (तबल्यावरचे कातडे) फाटण्याची भीती आणि फार उतरवला तर आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, हरवते. म्हणून संपूर्ण कार्यक्रम शक्यतो दोनच पट्ट्यांत बसवा आणि गाण्यांचा क्रम असा लावा की मध्यंतरापर्यंत एक पट्टी राहील व दुसरी नंतर येईल. मग तबलजींना दुसरा तबला घेऊन शांतपणे जुळवायला अवसर मिळतो आणि निवेदकाला उगाच बोलत राहावे लागत नाही.

कापणाऱ्या आवाजांविषयी. बऱ्याचदा कंपाचे मूळ श्वासाच्या आधारात असते, कानात नसते. तालमीच्या आरंभी दोन-तीन मिनिटे पाण्याने अर्धा भरलेला पेला आणि त्यात एक नळी घेऊन, नळीतून बुडबुडे काढत मधल्या सप्तकात गुणगुणायला लावा. गळ्यावर ताण न येता श्वास एकसारखा राहण्याची सवय लागते. आवाजाच्या उपचारांतही ही पद्धत वापरतात. दुसरे म्हणजे लांब ओळींत सर्वांनी एकाच जागी श्वास घेऊ नये. शेजारी बसलेल्या दोघींनी श्वासाच्या जागा वाटून घ्याव्यात. श्रोत्यांना ओळ अखंड ऐकू येते आणि सत्तरीच्या आजींवर श्वास पुरवण्याची सक्ती राहत नाही. ज्यांचा सूर स्थिर पण आवाज बारीक आहे त्यांना मध्यभागी बसवा. ज्यांचा आवाज मोठा पण सूर हलतो, त्यांच्या दोन्ही बाजूंना पक्क्या सुराची माणसे द्या. बसण्याची जागा बदलल्याने गटाचा एकूण सूर किती सुधारतो, हे प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय पटत नाही.

आता तरुणांच्या मागणीकडे वळू. ती योग्य आहे आणि आपल्याकडे तिची परंपराही आहे. मुंबईत संगीतकार सलील चौधरी यांनी ‘बॉम्बे युथ क्वायर’ हा गायकवृंद उभारून आणि एम. बी. श्रीनिवासन यांनी ‘मद्रास युथ क्वायर’मधून भारतीय भाषांतल्या गीतांना स्वरथरांची जोड दिली, दुसरीकडे वसंत देसाई यांनी शाळाशाळांतल्या हजारो मुलांकडून समूहगीते गाऊन घेतली. दोन्ही वाटा आपल्याच आहेत, तेव्हा ‘एकसुरी म्हणजे मागासलेले’ असे तरुणांनी मानू नये आणि ‘थर म्हणजे परके’ असे ज्येष्ठांनीही मानू नये.

पण थर रचताना रागाकडे लक्ष हवे. समजा, गीताची चाल भूप रागातली आहे. मूळ चालीच्या खाली तिसरा स्वर ठेवत जायचे, ही पाश्चात्त्य धाटणीची सोपी युक्ती षड्जाखाली धैवत आणि पंचमाखाली गंधार ठेवला तोवर चालून जाते. परंतु रिषभाखाली निषाद येतो आणि धैवताखाली मध्यम, आणि हे दोन्ही स्वर भूपात वर्ज्य आहेत. राग मोडतो आणि ज्येष्ठ सभासदांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्या रास्तच असतात. त्याऐवजी पुरुषांनी षड्ज-पंचम धरून ठेवावेत, एका गटाने ओळ सुरू केल्यावर दुसऱ्याने अर्ध्या आवर्तनानंतर तीच ओळ उचलावी, किंवा ध्रुवपदाच्या शेवटच्या शब्दावर एका बाजूने लांब स्वर ठेवून दुसरीने सरगम गावी. या तिन्ही गोष्टी रागाला धक्का न लावता करता येतात. गणेशोत्सवाला एकाच गाण्यात असा प्रयोग करा, दिवाळीला फार तर दोनांत. पूर्ण स्वरथरांची रचना फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. एवढा अवधी मिळाला तर ज्येष्ठांचे कान तयार होतील आणि तरुणांनाही थर सोपा नसतो हे उमगेल.

उलट दिशेनेही देवाणघेवाण व्हायला हवी. ‘चांदणे’मधला च आणि ‘चरण’मधला च वेगळे आहेत, हे तीस जणांनी एकाच क्षणी नीट उच्चारले तरच शब्द सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो; इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांचे हे उच्चार तुमच्या काकूच दुरुस्त करू शकतील. दर तालमीतली दहा मिनिटे केवळ शब्द बोलून घेण्यासाठी एका ज्येष्ठ सभासदाकडे सोपवा. हा मान दिखाऊ नाही, गटाला त्याची खरोखर गरज आहे.

‘बाई असत्या तर’ हे वाक्य थांबवण्याचा प्रयत्न करू नका. ज्या व्यक्तीने लोकांना गाते केले तिची आठवण निघणारच. बाईंना दूरध्वनी करून त्यांनी बसवलेल्यांपैकी दोन गाणी यंदा त्यांच्याच पद्धतीने ठेवण्याची परवानगी मागा, आणि उरलेली पट्टी, क्रम, बैठक यांत तुम्ही बदल करणार आहात, हेही त्यांना आधी स्वतः सांगा. हे त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये. मात्र तालमीत दोन मते झाली की निर्णय तुमचाच राहू द्या. वादाच्या प्रत्येक मुद्द्यावर बंगळुरूला दूरध्वनी लागू लागला, तर गटाला नेतृत्वच उरणार नाही.

दिवाळी पहाटेबद्दल एक व्यावहारिक बाब. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागेवर ध्वनिवर्धक लावता येत नाही. कार्यक्रम मैदानात असेल तर पहिले गीत सहानंतर सुरू होईल असे पाहा. त्या वेळी गळे जड असतात, म्हणून सभासदांना तासभर आधी बोलवून बंद खोलीत खर्ज भरायला (खालचे स्वर लांबवून गायला) लावा आणि आरंभीचे गीत मध्य सप्तकातलेच निवडा.

प्रश्न : आमचा वडोदऱ्यातील मराठी मंडळींचा गायनगट यंदा प्रथमच तिकीट लावून कार्यक्रम करत आहे. आजवर विनामूल्य कार्यक्रमांत आम्ही कोणतीही गाणी गात होतो. आता परवानगी लागेल का? बरीचशी गाणी संतांचे अभंगच आहेत.

— एक वाचक, वडोदरा

उत्तर : लागेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना मिळणारी सवलत मुख्यतः पैसे न देणाऱ्या श्रोत्यांसमोरील कार्यक्रमांना आहे. तिकीट लावले की तिचा आधार घेता येत नाही. गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतात. अभंगाचे शब्द कोणाच्याही मालकीचे नाहीत, पण तुम्ही गाता ती चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर तिच्यावर त्यांचा हक्क असू शकतो, हा भाग अनेकांच्या ध्यानात येत नाही. गाण्यांची यादी शब्द आणि संगीत अशा दोन रकान्यांत लिहून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे परवान्यासाठी विचारणा करा. ध्वनिमुद्रित वाद्यसंगीतावर गाणार असाल तर त्या मुद्रणाचा हक्क वेगळा असतो, त्याचीही चौकशी करावी. तिकिटाचा दर ठरवण्यापूर्वीच हा खर्च अंदाजपत्रकात धरा. पारंपरिक चालीचे अभंग आणि तुमच्या गटातल्या कोणी स्वतः बांधलेल्या चाली असा कार्यक्रम करणे शक्य असेल, तर पहिल्या वर्षी ते सर्वांत सोपे जाईल.