इव्हनिंग बॅट: सायंकालीन वटवाघूळ की पाकोळी?

सोलापुरातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: विज्ञान प्रदर्शनाच्या फलकासाठी मुलांनी इंग्रजीवरून एक वाक्य मराठीत आणलं, 'सायंकालीन वटवाघुळांची प्रजाती ही सर्वात मोठी प्रजाती आहे.' मूळ शब्द 'इव्हनिंग बॅट्स' आणि 'फॅमिली'. हे चालेल का?

'सायंकालीन'चं नंतर बघू. आधी 'प्रजाती' खोडा. मराठी जीवशास्त्रात वरून खाली येताना गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड आहे. फॅमिली म्हणजे कुल, जीनस म्हणजे प्रजाती, स्पीशीज म्हणजे जाती. हिंदीत जीनसला 'वंश' म्हणतात आणि स्पीशीजला सर्रास 'प्रजाति'. तिकडचा तो शब्द बातम्यांमधून आपल्याकडे शिरला आणि 'दुर्मिळ प्रजातीचा पक्षी' आता कुणाला खटकतही नाही. बोलताना खटकू नये, ठीक आहे. पण वर्गीकरणाच्या फलकावर एकच शब्द कधी कुलाला, कधी जातीला लावला की सगळा तक्ताच कोसळतो. उदाहरणच घ्या: जेमतेम दोन-चार ग्रॅम वजनाचं एक चिमुकलं वटवाघूळ आहे, पिपिस्ट्रेलस टेन्यूइस. त्याची जाती टेन्यूइस, प्रजाती पिपिस्ट्रेलस, कुल व्हेस्परटिलिओनिडी आणि गण कायरॉप्टेरा.

आता 'सायंकालीन'. लॅटिनमध्ये 'व्हेस्पर' म्हणजे संध्याकाळ आणि त्यावरून आलेला 'व्हेस्परटिलिओ' म्हणजे सरळ वटवाघूळ, कुठलंही. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीअसने 1758 साली हेच नाव एका प्रजातीला दिलं आणि त्याला ठाऊक असलेली सातही वटवाघळं तिच्यात कोंबली. त्यात फळं खाणारंही होतं. शिवाय ही प्रजाती त्याने माणूस आणि माकडांच्या शेजारी, एकाच गणात ठेवली! जर्मन शास्त्रज्ञ ब्लूमेनबाखने 1779 मध्ये वटवाघळांसाठी कायरॉप्टेरा हा वेगळा गण केला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'हाताचे पंख'. पुढे 1821 मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ ग्रेने व्हेस्परटिलिओनिडी हे कुल मांडलं. तोवर सातांपैकी बहुतेक मंडळी आपापल्या दुसऱ्या घरी गेली होती किंवा पुढे गेली, 'संध्याकाळ' मात्र या एका कुलाच्या वाट्याला राहिली. म्हणजे ती काही या कुलाची खूण नव्हे. बहुतेक सारी वटवाघळं तिन्हीसांजेला किंवा त्यानंतरच बाहेर पडतात, मग 'सायंकालीन' म्हणून कुणाला वेगळं काढणार?

(जाता जाता: पिपिस्ट्रेलस हे नाव ज्या इटालियन 'पिपिस्ट्रेल्लो'वरून आलं, तो शब्दही व्हेस्परटिलिओचंच झिजलेलं रूप आहे. एकच शब्द कुलात एकदा धडधाकट आणि एकदा बोबडा असा दोनदा बसलाय.)

या कुलाच्या खऱ्या खुणा अंगावर आहेत. तोंड साधं, नाकावर पानासारखा पडदा नाही. कानाच्या आत, भोकासमोर एक छोटी उभी पाळी. शेपूट लांब, पण ती मागच्या पायांमधल्या पडद्यातच गुंतलेली, शेंडा जवळपास पडद्याच्या काठापर्यंत. नाकावर पडदा दिसला की ते नालनाक्यांपैकी (नाकावर घोड्याच्या नालेसारखा पडदा असणाऱ्यांपैकी) किंवा आणखी कुठल्या कुलातलं. शेपटीचा अर्धा भाग पडद्याबाहेर लोंबत असेल तर तेही वेगळं.

आपल्याकडे लोकांनी विभागणी केली ती आकारावरून. दिवेलागणीला सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभं राहिलं तर फरक डोळ्यांनी कळतो. किडे टिपत पाण्यावर वेड्यावाकड्या गिरक्या घेतात त्या पाकोळ्या. उंचावरून संथपणे, सरळ रेषेत फळझाडांकडे जातं ते वटवाघूळ. त्याच्या पंखांचा पसारा मीटरभराहून जास्त. वडावर लटकणारं म्हणून 'वट', आणि 'वाघूळ' आलं संस्कृत 'वल्गुली'वरून, त्यात वाघाचा काही संबंध नाही.

तर माझं मत 'पाकोळी'च्या बाजूने, दोन अडचणी मान्य करून. एक, याच नावाचा पक्षीही आहे, घरांच्या वळचणीला घरटी करणारा. दुसरी जास्त खरी: लोक किडे खाणाऱ्या कुठल्याही लहान वटवाघळाला पाकोळी म्हणतात, त्याचं कुल बघत नाहीत. म्हणून कुलाचं नाव शास्त्रीयच ठेवावं आणि पाकोळी ओळख पटवण्यापुरती वापरावी. 'सांजवाघूळ' असाही एक घडीव शब्द सुचवला गेलाय. कानाला गोड आहे, पण सोलापुरात तो कुणाच्या तोंडी नाही आणि चूकही तीच करतो.

तुमच्या वर्गात कन्नड आणि तेलुगू बोलणारी मुलं असणारच. त्यांच्याकडून 'बावली' आणि 'गब्बिलम' हे शब्दही फलकावर घ्या. तमिळमध्ये 'वव्वाल', सिंहलीत 'ववुला'. त्या सिंहली शब्दावरूनच याच कुलातल्या केरिव्हूला या प्रजातीचं नाव पडलंय. तिच्यातली केरिव्हूला पिक्टा ही जाती नारिंगी-काळ्या पंखांची, केळीच्या वाळक्या पानांत दडून बसणारी. लॅटिन-ग्रीकच्या गर्दीत 'बावली'च्या नादाचा हा शब्द बघून कन्नड मुलांना मजा येईल.

फलकावर असं लिहा: 'व्हेस्परटिलिओनिडी हे वटवाघळांचं सर्वात मोठं कुल आहे; त्यात चारशेहून अधिक जाती आहेत. आपल्या ओळखीच्या पाकोळ्यांपैकी अनेक याच कुलातल्या.'

आणि हो, 'वटवाघुळांची' नव्हे, 'वटवाघळांची'. लाकूड-लाकडाचा, कापूस-कापसाचा, तसंच वाघूळ-वाघळाचं.