गंगापूर धरणात पर्यटकांची बोट चालवतो, प्रवाशांसाठी वायफाय कसं बसवू?

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवस काढू नका, फोन तापतो आणि बॅटरी बसते. सिमकार्डचा ४जी राउटर घ्या, पण बाहेरचा अँटेना जोडता येईल असाच. खरं काम अँटेनाचं आहे: तो छपरावर जमेल तितका उंच, पत्र्यापासून मोकळा बसवा आणि केबल आखूड ठेवा, लांब केबलमध्ये सिग्नल मरतो. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण इंजिन सुरू असताना बोटीची बॅटरी १४ व्होल्टच्या आसपास जाते. म्हणून मध्ये व्होल्टेज १२ वर स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच हवा. राउटर झाकणबंद डब्यात, केबलची छिद्रं खालच्या बाजूला. सिम ठरवण्याआधी दोन-तीन कंपन्यांचा स्पीड धरणाच्या मधोमध तपासा, काठावरचा आकडा धरू नका.