हापूसचा बाठा रुजवून हापूस मिळेल का?

देवगड भागातील एका बागायतदारांचा प्रश्न: "आमच्या एका हापूस कलमाची फळे अप्रतिम आहेत, शेजारीच नीलम जातीचा आंबा आहे. या हापूसचे बाठे रुजवले तर रोपांत दोघांचे गुण उतरतील का? फळ कसे निघेल हे रोपावरून ओळखता येते का?"

दादा, बागेसाठी बाठे लावू नका. हापूसच्या बाठ्यातून एकच रोप येते आणि ते परागीकरणातून तयार झालेले असते. आई ठाऊक असली तरी बाप नीलमच आहे याची खात्री नाही. माश्यांनी परसातल्या रायवळाचे, म्हणजे बाठ्यातून वाढलेल्या गावठी आंब्याचे, परागही आणलेले असू शकतात.

समजा, बाप नीलमच निघाला. तरीही फळ सांगता येत नाही. आपल्या कोकण कृषी विद्यापीठाचा रत्ना (१९८१) नीलम आणि हापूसच्या संकरातलाच: गोड, कापून खाण्याचा, साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा दोष) नसलेला. कोकण रुची हीसुद्धा याच जोडीची, पण ती लोणच्याची जात! सख्खी भावंडे, एक ताटात आणि एक बरणीत. पुढे रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर केला, त्यातून पातळ बाठ्याचा सिंधू मिळाला. अशी एकेक जात हाती यायला कितीतरी रोपे वाढवून नाकारावी लागतात.

रोपावरून थोडा अंदाज येतो. कोवळे पान चुरगळून वास घ्या, फळाच्या स्वादाची चाहूल त्यात लागते. पण गोडी, बाठ्याची जाडी, टिकाऊपणा पानात दिसत नाही. साका तर पिकलेले फळ कापल्याशिवाय कळतच नाही.

हौस असेल तर चार-पाच बाठे जरूर रुजवा, मला आनंदच होईल. मात्र फळासाठी ६ ते ८ वर्षे, कधी त्याहूनही जास्त थांबू नका. रोपाची काडी जाणत्या झाडाच्या फांदीवर बांधा, फळ लवकर बघायला मिळेल. पहिल्या बहरावर निकाल देऊ नका. निदान तीन हंगाम, दरवर्षी निरनिराळ्या फांद्यांवरची फळे कापून साका, रेषा आणि चव वहीत लिहून ठेवा.

तुमचे ते उत्तम कलम वाढवायचे असेल, तर त्याच्याच काड्या घेऊन बाठ्यातून नुकत्याच उगवलेल्या रोपांवर कलमे बांधा, म्हणजे कोय कलमे. आणि शेजारचा नीलम तोडू नका. हापूसला स्वतःच्या परागाने फळधारणा कमी होते. दोघांचा मोहोर एका वेळी आला तर नीलमचा फायदाच होतो. त्याच्या परागाने यंदाच्या हापूसचा गर बदलत नाही, फरक पडतो तो बाठ्यातल्या रोपात.