महागडं स्टील घ्यायचं, पण धार कोण लावणार?

तुमचा मेल दोनदा वाचला, पहिल्यांदा वाटलं कर्जाचा प्रश्न आहे, मग कळलं चाकूचा आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. यांच्याकडे ऑलरेडी चार साधे चाकू आहेत. कामावर दिवसभर पुठ्ठ्याचे खोके, दोऱ्या, प्लास्टिकच्या पट्ट्या कापाव्या लागतात. आता यांना एम३९० किंवा मॅग्नाकट स्टीलचा एक भारीतला घडीचा चाकू घ्यायचाय, ज्याची किंमत म्हणजे महिन्याच्या पगाराचा पाव हिस्सा, आत्ताच्या साध्या चाकूच्या आठपट. घेणार हप्त्यांवर. इमर्जन्सी फंड निम्माच झालाय. यांचं म्हणणं असं की "ताई, ३० वर्षं टिकणारी वस्तू आहे, रोजचा खर्च काढला तर काहीच नाही, मग ही इन्व्हेस्टमेंटच झाली ना?" आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय, "आत्ताचे चारही बोथट झालेत म्हणून."

हे जाता जाता लिहिलेलं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्याच्याकडे येते, आधी रोजच्या खर्चाचा हिशोब बघू.

किंमत भागिले ३० वर्षं हे गणित मला दर आठवड्याला कोणीतरी पाठवतं, कधी घड्याळाचं, कधी गादीचं, आणि उत्तर नेहमी छोटंच येतं कारण भागाकार करणारा आकडा मोठा असतो. पण अहो, साधा चाकूसुद्धा ३० वर्षं टिकतो की! पातं काही वितळून जात नाही, धार लावत राहिलात तर हळूहळू झिजतं इतकंच. म्हणजे ३० ने भागायचं तर दोघांनाही भागा, आठपट फरक आठपटच राहतो. मग महागाच्या चाकूने जास्तीचं नक्की दिलं काय, तर दोन वेळा धार लावण्यातलं अंतर वाढवलं. थोडी गंजायची भीती कमी केली, हातात धरल्यावर बरं वाटलं, हे पण आहे, पण पैशात मोजता येईल असं हे अंतरच.

आणि हे अंतर खरं असतं बरं का, नुसती जाहिरात नाही. मॅग्नाकट किंवा एम३९० सारखी स्टील्स पावडरपासून बनतात, म्हणजे वितळलेल्या पोलादाचा वायूच्या झोताने फवारा करतात, थेंब गोठून पावडर होते आणि ती प्रचंड दाब आणि उष्णतेखाली एकजीव करतात. त्यामुळे आतले कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातू मिळून झालेले, कडक कण बारीक राहतात आणि सगळीकडे सारखे पसरतात. १४सी२८एन सारख्या साध्या स्टीलमध्ये कार्बन ०.६२ टक्के, एम३९० मध्ये १.९ टक्के, शिवाय २० टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम, म्हणजे झिजेला विरोध करणारे कण भरपूर. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कॅट्रा संस्थेची धार टिकण्याची जी टेस्ट आहे त्यात पातं सिलिका घातलेल्या कार्डावर पुन्हा पुन्हा चालवतात, आणि तुमचं काम म्हणजे पुठ्ठा, जो धारेला वाळूच्या कागदासारखा खातो, तर योगायोगाने तुमचं रोजचं काम त्या टेस्टच्या बरंच जवळ जातं. त्यामुळे "सगळं मार्केटिंग आहे" असं मी म्हणणार नाही. तुम्हाला फरक जाणवेल.

आता तो फरक वेळेत मांडू. समजा साध्या चाकूला दर ३ आठवड्यांनी धार लावावी लागते आणि भारीतला तिप्पट टिकतो, म्हणजे ९ आठवडे. वर्षाला १७ वेळा विरुद्ध ६ वेळा. एका वेळेला १० मिनिटं धरली तर वर्षात साधारण २ तास वाचले. आणि किमतीतला फरक कमवायला तुम्हाला किती तास काम करावं लागतं? पाव पगार म्हणजे ४८ तास धरा, त्यातून साध्याची किंमत वजा केली की ४२. म्हणजे वर्षाला २ तास वाचवून ४२ तास फेडायचे, २१ ते २३ वर्षं. तुमच्या ३० वर्षांत बसतंय असं म्हणाल, बसतंय, पण थांबा. व्हॅनेडियम कार्बाइड हे नेहमीच्या धार लावायच्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कडक असतं, म्हणजे साध्या निसण्यावर तुम्ही घासत बसणार आणि ती धार येता येत नाही. डायमंडची प्लेट लागते, तिचा खर्च तुम्ही धरलेलाच नाही, आणि सराव होईपर्यंत वेळही जास्त जातो. एका वेळेला २० मिनिटं धरली तर ६ गुणिले २० म्हणजे १२० मिनिटं, साध्याला १७ गुणिले १० म्हणजे १७०, वाचली ५० मिनिटं. मग फेड पोचली ५० वर्षांवर. तेव्हा चाकू असेल, आपण असू का माहीत नाही.

आणि हा सगळा हिशोब धार लावणाऱ्या माणसाचा आहे. तुम्ही लावत नाही! चार चाकू बोथट पडलेत आणि त्यावर उपाय म्हणून पाचवा आणताय. जो माणूस धार लावतच नाही त्याचा वाचलेला वेळ शून्य, त्याला महाग स्टीलमधून एकच गोष्ट मिळते, बोथट व्हायला तीन आठवड्यांऐवजी नऊ आठवडे लागतात. दहाव्या आठवड्यात पाव पगाराचा बोथट चाकू. बोथट एम३९० आणि बोथट साधा चाकू, पुठ्ठ्याला दोन्ही सारखेच. (रागवू नका, माझ्याकडे पण व्हीजी-१० या कडक जपानी स्टीलचा एक चाकू आहे, मोठ्या हौसेने घेतला, पहिल्याच महिन्यात गोठलेल्या पाकिटावर चालवला आणि धारेचे दोन टवके उडाले. स्टीलचा दोष नव्हता. कडक पातं असल्या आडदांड कामाला वापरलं की असंच होतं, साध्या मऊ चाकूची कड नुसती दुमडली असती.)

अजून एक, स्टीलचं नाव म्हणजे अर्धी गोष्ट पण नाही. जुने लोहार म्हणायचे तसं पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून पातं किती कडक केलंय, यावर खेळ असतो. एकच स्टील एकाने ५८ एचआरसीला (हे कडकपणाचं माप) मऊ ठेवलं आणि दुसऱ्याने ६२ ला नेलं तर ते दोन वेगळे चाकू झाले, पात्यावर छापलेलं नाव तेच. त्यात धारेमागचं पातं जाड असलं तर कितीही भारी स्टील असो, पुठ्ठ्यात पाचरीसारखं अडकतं. पातं बारीक घासलेला आणि धारेचा कोन कमी ठेवलेला मधल्या स्टीलचा चाकू जाड पात्याच्या महागड्याला रोजच्या कामात सहज मागे टाकतो, आणि कोन बदलायला दगड सोडून काही खर्च नाही. आणि दमास्कसची ती नक्षी दिसते ना लाटालाटांची, बहुतेक किचनच्या चाकूंत ती बाहेरच्या थराची असते, कापतो तो मधला गाभा. नक्षीचे पैसे डोळ्यांना, चालेल, फक्त माहीत असू द्या.

इन्व्हेस्टमेंट या शब्दावर माझं थोडं डोकं फिरतं, म्हणून तेही बोलते. काही लिमिटेड चाकू जास्त भावाने विकले जातात हे खरं आहे. पण ते डब्यातून न काढलेले. तुम्ही तो पुठ्ठ्यावर चालवणार, त्याला धार लावणार, पातं ओरखडणार, मग तो सेकंडहँड झाला. एकतर वापरा नाहीतर साठवा, दोन्ही एका चाकूत होत नाही. शिवाय स्टीलची फॅशन बदलते. २००१ मध्ये एस३०व्ही नावाचं स्टील आलं तेव्हा तेच टॉपचं, २००९ मध्ये एस३५व्हीएन, मग सगळे एम३९० आणि २०सीव्हीच्या मागे, २०२१ मध्ये धातुतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांचं मॅग्नाकट आलं आणि आता सगळ्यांना ते हवंय. एस३०व्ही तेव्हा कापायचं तितकंच आजही कापतं, पण नवीन घेणारा त्याकडे मधलं स्टील म्हणून बघतो. आणि घडीचा चाकू म्हणजे हरवणारी वस्तू. विमानतळावर हँडबॅगेत राहिला की संपलं, तिथला माणूस एम३९० बघून सोडणार नाही.

कोणाला हो म्हणते मी? ज्याचं पोटच चाकूवर आहे आणि मधे थांबून धार लावायला वेळ मिळत नाही, तो. ज्याचं काम खाऱ्या पाण्यात आहे, तिथे मॅग्नाकटसारखं सहजासहजी न गंजणारं स्टील खरंच पैसे वसूल करून देतं. आणि तिसरा म्हणजे ज्याला नुसतं आवडतं तो, त्याला तर कारण सांगायचीही गरज नाही, फक्त तो पैसा छंदाच्या खात्यातून यावा. तुमचा खरा प्रकार तिसरा आहे असं मला मेलवरून वाटतं, तीन परिच्छेद तुम्ही टायटॅनियमच्या मुठीवर आणि उघडताना येणाऱ्या आवाजावर लिहिलेत. छान आहे की. मग छंद म्हणून घ्या, हप्त्यांवर नको. निम्मा इमर्जन्सी फंड असताना डोक्यावर हप्ता घेणं म्हणजे नोकरी गेली तर चाकू हातात आणि बिल दारात.

तर आत्ता असं करा. हप्त्याचा विचार सोडा, एक बऱ्यापैकी डायमंड प्लेट घ्या, बारीक आणि जाड अशा दोन बाजूंची, ती पुढे भारी स्टीललाही चालणार आहे त्यामुळे वाया जात नाही. चार बोथट चाकूंपैकी जो सगळ्यात कमी आवडतो त्याच्यावर हात बसवा, पहिल्या दोन-तीन वेळा खराबच होईल. कागद न फाटता सरळ कापला गेला की समजा जमलं. जो हप्ता भरणार होतात त्यातला अर्धा फंडात टाका आणि अर्धा वेगळा, चाकूच्या नावाने. आणि कामाच्या चाकूला किती दिवसांनी धार लावावी लागतेय ते मोबाईलमध्ये तारखेसकट लिहून ठेवा, माझे ३ आठवडे अंदाजाचे आहेत, तुमचे खरे आकडे हवेत. पुठ्ठा इतका खात असेल की दर चार दिवसांनी बसावं लागतंय, तर माझा वरचा हिशोब उलटतो आणि मी स्वतः सांगेन घ्या म्हणून. फंड पूर्ण झाला की ती यादी पाठवा, मग एम३९० की मॅग्नाकट यावर बोलू.