वॉरंटीच्या पैशांतून शेड नको

कुडाळच्या एका वाचकांचा जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचा धंदा आहे. गणपतीच्या आधी चाकरमान्यांची गिऱ्हाइकं वाढतात, तेव्हा गाडीमागे 9,000 रुपये जादा घेऊन वर्षभराची वॉरंटी द्यायची त्यांची कल्पना आहे. वर्षाला 40 गाड्या धरल्या तर 3,60,000 रुपये जमतील, त्यातून गॅरेजची शेड वाढवू का, असं ते विचारतात.

नका वाढवू. आधी जीएसटी काढा. तुमची नोंदणी असेल आणि 9,000 मध्येच 18 टक्के कर धरला असेल, तर गाडीमागे सुमारे 7,627 रुपयेच उरतात, म्हणजे वर्षाचे 3,05,000. आणि तेही लगेच तुमचे नाहीत. गिऱ्हाइकाचा एकेक महिना बिनतक्रार सरेल, तसतसे ते तुमचे होतील. पैसे पत्र्यात अडकले आणि कुणाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, तर लाखाच्या घरातलं बिल कशातून भरणार? त्यात गाड्या सगळ्या याच पट्ट्यातल्या. खारा वारा तोच, पाऊस तोच, आंबोलीचा घाटही तोच. पावसाळ्यात तक्रारी एकदमच येतील.

अमेरिकेत गाड्यांचे असे सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट विकणाऱ्यांवर बऱ्याच राज्यांत बंधन आहे. तिथल्या नमुना कायद्यात (राज्यांनी उचलावा म्हणून केलेला मसुदा) तीन वाटा आहेत: क्लेमची भरपाई देणारी विमा पॉलिसी घ्या, किंवा चालू करारांच्या जमा रकमेतले किमान 40 टक्के (दिलेले क्लेम वजा जाता) राखून वर सरकारकडे अनामत ठेवा, नाहीतर 10 कोटी डॉलरची नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) दाखवा. पॉलिसी असेल आणि विक्रेत्याने 60 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर गिऱ्हाईक थेट विमा कंपनीकडे जाऊ शकतं. मला त्यातलं हे कलम सगळ्यात आवडतं.

तो कायदा तुम्हाला लागू नाही, पण हिशोब उचलण्यासारखा आहे. फक्त 40 टक्के, म्हणजे 1,22,000, तुम्हाला पुरणार नाहीत. हजारो करार असणाऱ्याचं सरासरीवर भागतं, 40 गाड्यांत दोन मोठी कामं निघाली की सरासरी कोलमडते. म्हणून पूर्ण रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, छोट्या मुदतीच्या एफडी करा आणि दर महिन्याला बारावा हिस्सा धंद्यात घ्या. डीलरसाठी वॉरंटीची पॉलिसी मिळते का, हे विमा ब्रोकरला जरूर विचारा. मिळाली आणि हप्ता झेपला, तर मी तीच घेईन. शेडसाठी बँकेचं कर्ज काढा.

दुसऱ्या गॅरेजने विकलेल्या गाड्यांना मात्र वॉरंटी विकू नका. आपल्या मालाची हमी देणं वेगळं, पैसे घेऊन परक्या गाडीची जोखीम उचलणं वेगळं; तो विम्याचा धंदा ठरू शकतो. 1938 च्या विमा कायद्याखाली नोंदणीशिवाय विम्याचा धंदा करता येत नाही आणि जनरल इन्शुरन्ससाठी किमान 100 कोटींचं भांडवल लागतं. मोह झालाच, तर आधी वकील गाठा.

कागदावर इंजिन आणि गिअरबॉक्स एवढंच लिहा, एका गाडीमागे खर्चाची कमाल रक्कम घाला, क्लच प्लेट आणि गंज वगळा. पाणी शिरून बसलेलं इंजिनही वगळा, आणि ते गिऱ्हाइकाला पावती फाडण्याआधी तोंडी सांगा. जुलै 2021 चा चिपळूणचा पूर सगळ्यांना आठवतो, त्यामुळे मोटार विम्यात इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनासाठीचं जादा संरक्षण) घ्या म्हटलं की कुणी वाद घालणार नाही.