जुना लाकडी बेलीबोर्ड किती वर्षांचा, हे कसं ओळखायचं? आधी त्याची कड बघा

तुम्ही इंग्लंडमध्ये, ब्रिस्टलमधल्या जुन्या सामानाच्या दुकानातून लाकडी बेलीबोर्ड, म्हणजे लाटांवर पोटावर पडून घसरायची फळी, घेतलीत. चार फूट लांब, सव्वा वीत रुंद, एक टोक वर वळलेलं, पाठीवर पांढऱ्या रंगात ४३ हा आकडा. दुकानदार म्हणाला, १९२० च्या सुमाराचा आहे, शवपेटीच्या झाकणापासून केलेला. तो खरंच तेवढा जुना आहे का आणि घासून, व्हार्निश लावून भिंतीवर टांगावा का, असं तुम्ही फोटो पाठवून विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला उशीर झाला तर काही उपयोग नाही. घासू नका. काहीही झालं तरी घासू नका.

मी डेव्हनमध्ये राहते. माझा पहिला बेलीबोर्ड मी एका मैदानातल्या रविवारच्या बाजारातून आणला आणि त्याच दुपारी अंगणात बसून त्याला पॉलिश पेपर लावला. शेपटीकडे, म्हणजे मागच्या टोकाला, वाटीएवढा तपकिरी डाग होता. मळ समजून तोच सगळ्यात जोर लावून काढला. पुढच्या वर्षी एका ओळखीच्या घरी हुबेहूब तशीच फळी पाहिली. तिच्यावर नेमक्या त्याच जागी बनवणाऱ्याचं गोल चित्र होतं, पाणी लावून चिकटवतात तसलं. माझ्या फळीवर त्याचाच उरलेला चतकोर होता. ती फळी कोणाची, कुठली, हे आता मला कधीच कळणार नाही, आणि ते मला अजून लागतं.

आता वयाचं बघू. शवपेटीची गोष्ट दुकानदाराच्या मनची नाही. कॉर्नवॉलमधल्या पेरनपोर्थ गावात टॉम ट्रेमेवन नावाचा शवपेट्या करणारा सुतार होता आणि पहिल्या महायुद्धानंतर त्याने लाटांवर पोटावर पडून घसरायच्या फळ्या करून दिल्या, असं तिकडे सांगतात. पण त्या काळच्या फळ्या म्हणजे साध्या सपाट लाकडाच्या. एक अखंड फळी, नाहीतर दोन-तीन फळ्या शेजारी ठेवून मागून आडव्या पट्ट्या स्क्रूने ठोकलेल्या. नाक, म्हणजे पुढचं टोक, सरळ असायचं, त्यामुळे लाट मागून आली की ते पाण्यात खुपसू नये म्हणून हातांनी वर ओढून धरावं लागायचं.

तुमच्या फोटोत कडेला पाच थर सरळ मोजता येतात. एक फिकट, एक गडद, आलटून पालटून. हे प्लायवूड आहे, आणि ते वाफ देऊन वाकवलेलं आहे. बोर्ड खिडकीशी न्या, वळणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. तिथे बारीक सुरकुत्या लागतील, बाहेरच्या बाजूला क्वचित केसासारखी भेग. वाकताना लाकडाला जो ताण बसला, त्याच्याच त्या खुणा. त्यांना दोष समजून भरायला जाऊ नका.

वळलेल्या नाकाचे प्लायवूड बोर्ड दोन महायुद्धांच्या मधेही होते, तेव्हा एवढ्यावरून दशक ठरत नाही. इथे सरस उपयोगी पडतो. जुन्या प्लायवूडमध्ये बऱ्याचदा केसिनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेला सरस असे. तो ओलाव्याला टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो विमान प्लायवूडचंच होतं. सुरुवातीला त्यालाही केसिनच वापरलं, पण पुढे त्याऐवजी फॉर्मल्डिहाइडचा कृत्रिम सरस आला. युद्धानंतर पाण्यात टिकणारं प्लायवूड सहज मिळू लागलं. समुद्राचं पाणी प्यालेली फळी युद्धाआधीची असेल, तर शेपटीच्या कोपऱ्यांना पापुद्रे सुटलेले असण्याची शक्यता बरीच. तुमचे कोपरे झिजून गोल झालेत, पण थर मात्र घट्ट आहेत.

आणि तो ४३! किनाऱ्यावर बोर्ड भाड्याने मिळायचे, आणि असा मोठा, घाईत रंगवलेला आकडा बहुधा तिथलाच असतो. घरच्या बोर्डावर आद्याक्षरं असतात, किंवा मुलांनी रंगवलेला मासा. मला हा आकडा फार आवडला. किती जणांच्या पोटाखालून ती फळी गेली असेल.

तर माझा अंदाज १९५० ते १९६० च्या दशकांतला. त्याच्या फार पुढे मी जाणार नाही, कारण १९७१ मध्ये टॉम मोरीने हवाईत फोमचा बूगी बोर्ड केला आणि तो पसरत गेला तशी लाकडाची मागणी आटली. हवाईवरून आठवलं, तिकडच्या पोटावरच्या बोर्डाला पायपो म्हणतात. तो बराच रुंद असतो, कधी खाली फिन, म्हणजे माशाच्या परासारखे उभे तुकडेही असतात. तुमचा तो नक्कीच नाही.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बघा. नऊ मिलिमीटर जाडीचा असेल तर दोन किलोच्या आसपास भरेल. फारच जड निघाला तर जाडी पुन्हा मोजा.

किमतीसाठी घेतला असेल तर फार आशा ठेवू नका. नावाची खूण नसलेला बोर्ड दुर्मिळ नाही. पण लाटेवर न्यायला तो अजून चालेल. कॉर्नवॉलमध्ये चॅपल पोर्थच्या किनाऱ्यावर अशा फळ्यांची जागतिक स्पर्धा सुरू झाली, दरवर्षी तिथे लाकडी बोर्ड घेऊन येणाऱ्या आर्थर ट्रॅव्हलर या गृहस्थांच्या आठवणीत. नियम असा होता की बोर्ड लाकडाचाच हवा, आणि वेटसूट, म्हणजे थंडीपासून वाचवणारा रबरी पोशाख, चालणार नाही. तिथल्या थंडगार पाण्यात!

भिंतीवर लावायचा असेल तर भोक पाडू नका, दोन खुंट्यांवर आडवा ठेवा, हीटरपासून लांब. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करा, बस्स. त्याआधी रात्री खोलीत अंधार करून टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि शेपटीकडून नाकाकडे सावकाश न्या. बनवणाऱ्याचं चित्र गेलेलं असलं तरी त्याच्याखालच्या व्हार्निशचा रंग वेगळा राहतो आणि तिरप्या उजेडात कड उमटते. गोल किंवा ढालीसारखं काही दिसलं तर त्याचा फोटो टाका. डेव्हनमध्ये ब्राँटनला ब्रिटिश सर्फिंगचं संग्रहालय आहे, तिथेही तो दाखवता येईल.